ओल्या चामड्याची घडण : हस्तनिर्मित पिशव्या, घरे व म्याने यांमागील शास्त्र आणि कारागिरी

गोषवारा

वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे पाण्यात भिजवून साच्यावर दाबले व त्याच स्थितीत वाळू दिले, तर ते साच्याचा आकार कायम धारण करते. चष्म्याचे घर, सुरीचे म्यान, कमरेच्या पट्ट्यावरील पाकीट, पिशवीचा उठावदार खिसा अशा अनेक वस्तू या एकाच तत्त्वावर घडतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेमागील रासायनिक व भौमितिक कारणे, चामड्याची निवड, साचा, भिजवणे, घडवणे व वाळवणे या पायऱ्यांचे विवेचन केले आहे. ही प्रक्रिया केवळ हस्तकौशल्याची नसून पदार्थाच्या गुणधर्मांच्या अचूक जाणिवेची आहे आणि ती जाणीव आपल्याकडील चर्मकारांकडे पूर्वापार आहे, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : वनस्पतिज कमावणी, कोलॅजेन, टॅनिन, साचा, घडण, चर्मोद्योग.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी चर्मकलेची एक छोटी कार्यशाळा घेण्यात आली. चष्म्याचे घर तयार करणे एवढाच तिचा विषय होता. लाकडी ठोकळे करून घेतले, बाजारातून मऊ, सुंदर, एकसारख्या रंगाचे चामडे आणले, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते भिजवले, ठोकळ्यांवर ताणून बसवले आणि रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी चौकटी सोडल्या तेव्हा प्रत्येक तुकडा थोडासा फुगीर दिसला आणि दुपारपर्यंत बहुतेक सगळे पुन्हा सपाट झाले. विद्यार्थ्यांना वाटले की आपलाच हात कमी पडला. प्रस्तुत लेखकालाही, रसायनशास्त्राचा अध्यापक असूनही, कारण तत्काळ सांगता आले नाही.

कार्यशाळेस शिवण शिकवण्यासाठी एक वयोवृद्ध कारागीर आले होते. विद्यार्थी त्यांना काका म्हणत. त्यांनी तुकडा हातात घेतला, कापलेली कड पाहिली, बोट ओले करून वरच्या बाजूवर टेकवले आणि म्हणाले, "सर, हे कातडं पाण्याचं ऐकत नाही. हे सालीचं नाही, क्रोमचं आहे. याला कितीही बांधून ठेवा, सोडलं की आपल्या घरी जाणार." त्या एका वाक्यात जे निदान होते ते पुढे ग्रंथांतून समजून घेण्यास प्रस्तुत लेखकाला बराच काळ लागला. 'पाण्याचे ऐकणे' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

२. ओल्या कातड्याला आकार देण्याची परंपरा

ओल्या कातड्याला आकार देणे ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रात विहिरीवर चालणारी मोट, पाणी वाहणारी पखाल, तेल-तुपासाठीचे बुधले ही सर्व कातड्याची कामे होती. गेंड्याच्या कातड्याच्या घुमटाकार ढाली भारतात अनेक ठिकाणी होत असत. तबला-मृदंगाची पुडी आजही ओली असताना चढवली जाते, ती वाळताना ताणली जाते. राजस्थानातील बिकानेर येथे उंटाच्या कातड्याच्या कुप्या करण्याची परंपरा आहे. मातीच्या साच्यावर ओले कातडे चढवायचे, ते वाळून कठीण झाले की आतील माती फोडून काढायची, अशी ती रीत. या कुप्यांवरील सोनेरी नक्षीकाम 'उस्ता कला' म्हणून प्रसिद्ध असून त्या कलेचे जाणकार हिसामुद्दीन उस्ता यांना १९८६ मध्ये पद्मश्री देण्यात आली होती.

युरोपात मध्ययुगात 'क्युर बुई' या फ्रेंच नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ होती. नावाचा शब्दशः अर्थ 'उकळलेले चामडे' असा आहे. चिलखताचे भाग, ग्रंथ व मौल्यवान वस्तू ठेवण्याच्या पेट्या या पद्धतीने होत. विसाव्या शतकात हौशी व व्यावसायिक कारागिरांसाठी या विषयावर इंग्रजीत सविस्तर मार्गदर्शक पुस्तके निघाली. त्यांपैकी अमेरिकन चर्मकलाकार अल स्टोलमन यांची चामड्याच्या पेट्यांवरील तीन भागांची पुस्तके विशेष वापरात आहेत.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कुपी किंवा पुडी यांत वापरले जाते ते न कमावलेले, कच्चे कातडे होय. ते वाळले की शिंगासारखे कठीण होते, परंतु पुन्हा भिजले की लिबलिबीत होते व सडू लागते. पिशव्या व घरे यांसाठी कमावलेले चामडे घेतले जाते. 'कातडे' आणि 'चामडे' या दोन शब्दांतील हा फरक बोलीत नेहमी पाळला जात नाही. या लेखात मात्र कच्च्या द्रव्यास कातडे व कमावलेल्या द्रव्यास चामडे म्हटले आहे.

३. आकार का टिकतो?

जनावराच्या कातड्याचा उपयोगी भाग मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाचे तीन धागे एकमेकांभोवती पिळले जाऊन एक रेणू बनतो. असे असंख्य रेणू मिळून सूक्ष्म तंतू आणि तंतूंच्या जुड्या तयार होतात. या जुड्या विणलेल्या कापडाप्रमाणे दोनच दिशांत नसतात. त्या तिन्ही दिशांत एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणूनच चामडे दोन्ही दिशांनी एकाच वेळी वळवता येते, कापड तसे वळत नाही. सपाट कापडापासून वाटीचा आकार करायचा तर कळ्या किंवा चुण्या लागतात. चामड्याची वाटी मात्र एका मर्यादेपर्यंत चुणी न पडता होऊ शकते.

कमावणे म्हणजे हे प्रथिन सडू नये, वाळल्यावर त्याचे तंतू एकमेकांस चिकटून कडक होऊ नयेत, यासाठी त्यात टिकाऊ द्रव्य मुरवणे होय. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरड्याची फळे यांत टॅनिन नावाची बहुफिनॉल द्रव्ये असतात. कोल्हापूर परिसरात चपलांसाठी लागणारे चामडे बाभळीची साल व हिरडा यांनीच कमावले जात आले आहे. कातड्याची पिशवी शिवून तीत सालीचा अर्क भरून ती टांगून ठेवण्याची तेथील रीत जुनी आहे. टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या साखळ्यांशी प्रामुख्याने हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. शिवाय ते मोठ्या प्रमाणावर मुरतात आणि तंतूंमधील पोकळ्या भरून काढतात. त्यामुळे सालीचे चामडे भरीव, जड व काहीसे ताठ असते.

हायड्रोजन बंध स्वतंत्रपणे दुबळे असतात आणि पाण्याचा रेणू स्वतः असे बंध करण्यात तरबेज असतो. चामडे भिजले की पाणी तंतूंच्या मध्ये शिरते, काही बंध सैल करते व तंतूंना एकमेकांवरून सरकण्यास वाव देते. अशा स्थितीत चामडे दाबले तर तंतू नव्या जागी जातात. पाणी निघून जाऊ लागले की तंतू जवळ येतात आणि त्याच नव्या जागी पुन्हा बंध जुळतात. आकार टिकतो तो यामुळे. कोरड्या चामड्यात जे बंध त्याला ताठ ठेवतात, तेच ओलेपणी सुटतात व वाळताना पुन्हा बांधले जातात. काकांनी ज्याला 'पाण्याचे ऐकणे' म्हटले ते हेच होय.

क्रोम चामड्यात परिस्थिती वेगळी असते. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोम पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर मार्टिन डेनिस यांनी १८९३ मध्ये ती सोपी केली आणि पुढे जगभर तिचा प्रसार झाला. आज जगातील बहुसंख्य चामडे या पद्धतीने कमावले जाते. यात क्रोमियमचे क्षार कोलॅजेनमधील आम्लधर्मी गटांशी समन्वयी बंध करतात. हे बंध पाण्याने सुटत नाहीत. क्रोमियमचे प्रमाणही थोडे असते, त्यामुळे तंतूंमधील पोकळ्या मोकळ्या राहतात. परिणामी चामडे मऊ, लवचीक व पाण्याला दाद न देणारे होते. बुटांच्या वरच्या भागासाठी, कपड्यांसाठी, मऊ पिशव्यांसाठी हे गुण फार मोलाचे आहेत. पण ज्या गुणामुळे ते दाबल्यावर पूर्ववत होते, त्याच गुणामुळे साच्याचा आकार ते धरत नाही. आमच्या कार्यशाळेतील चामडे निकृष्ट नव्हते. ते दुसऱ्या कामासाठी केलेले होते.

हाच फरक उष्णतेच्या बाबतीत दिसतो. ओले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते. वनस्पतिज चामडे साधारणपणे ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आक्रसते, तर चांगले कमावलेले क्रोम चामडे उकळत्या पाण्यातही टिकते. आक्रसणे म्हणजे कोलॅजेनचा तिपेडी पीळ उलगडणे. ते एकदा झाले की मागे फिरत नाही. 'उकळलेल्या चामड्या'चा कठीणपणा अंशतः अशा नियंत्रित आक्रसण्यातून येतो. मात्र त्याबरोबर ठिसूळपणाही येतो. म्हणून रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी गरम पाण्याचा मोह टाळणे इष्ट ठरते.

४. चामड्याची निवड व पारख

दुकानात दोन्ही प्रकारचे चामडे शेजारी शेजारी असते आणि रंगावरून ओळख पटेलच असे नाही. पुढील साध्या कसोट्या उपयोगी पडतात.

(अ) पाण्याचा थेंब : रंगलेप नसलेल्या सालीच्या चामड्यावर थेंब लवकर मुरतो व तेथे गडद डाग दिसतो. क्रोम चामड्यावर तो बहुधा बराच वेळ तसाच राहतो.

(आ) कापलेली कड : सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी किंवा बदामी दिसते. क्रोम चामड्याच्या गाभ्यात अनेकदा निळसर-करडी छटा असते. मात्र रंग आरपार मुरवलेला असल्यास ही कसोटी पुरत नाही.

(इ) उकळते पाणी : लहानसा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला असता सालीचे चामडे आकसून वळते व कडक होते. क्रोम चामड्यात फारसा बदल होत नाही.

(ई) जाळणे : क्रोम चामड्याची राख हिरवट दिसते. ही कसोटी मोकळ्या हवेत व अगदी लहान तुकड्यावरच करावी.

यांपैकी एका कसोटीवर विसंबू नये. दोन्ही पद्धती मिळून कमावलेले चामडेही बाजारात असते आणि ते अर्धवट आकार धरते. शिवाय वरून रंगलेप किंवा भरपूर तेल-मेण दिलेले सालीचे चामडेही पाणी नीट घेत नाही. घडणीसाठी लेप नसलेले, अल्प तेलाचे चामडे घ्यावे.

जाडीची निवड वस्तूच्या उपयोगावरून ठरते. चष्म्याचे घर, लहान पाकीट यांस १.२ ते १.६ मिलिमीटर, पिशवीच्या उठावदार भागास २ ते २.८ मिलिमीटर आणि सुरीच्या किंवा हत्याराच्या म्यानास ३ मिलिमीटरच्या आसपासची जाडी योग्य ठरते. जाडी वाढते तशी ताठरता मिळते, पण कोपऱ्यांतील बारकावे उमटत नाहीत.

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीचा मागील भाग घट्ट विणीचा असतो, तो कमी ताणला जातो. पोटाचा भाग सैल असतो, तो सहज ताणला जातो पण वाळताना वेडावाकडा होतो. खांद्याचा भाग या दोहोंच्या मध्ये असल्याने खोल घडणीस तोच बहुधा सोयीचा पडतो. शिवाय कोणताही भाग एका दिशेने कमी व दुसऱ्या दिशेने जास्त ताणला जातो. तुकडा कापण्यापूर्वी तो दोन्ही दिशांनी हाताने ओढून पाहावा, अधिक ताण घेणारी दिशा ठोकळ्याच्या रुंदीकडे ठेवावी.

५. साचा

बूट बनवणारे कारागीर ज्या लाकडी पायावर चामडे चढवतात त्याला कलबूत म्हणतात. घडणीचा ठोकळा हे कलबुताचेच साधे रूप आहे. ठोकळा घट्ट रेषांच्या लाकडाचा असावा. त्याच्या वरच्या कडा गोलसर घासाव्यात, कारण धारदार कडेवर ओले चामडे ताणून पातळ होते व पुढे तेथेच फाटते. बाजू तळाकडे किंचित रुंद ठेवल्यास वाळलेले घर सहज निघते. लाकूड पाणी शोषून फुगू नये व त्याचा रंग चामड्यास लागू नये यासाठी त्यावर व्हार्निश द्यावे.

ठोकळ्यास जोडीदार म्हणून प्लायवूडची एक चौकट लागते. तिच्या मधोमध ठोकळ्याच्या आकाराचे भोक असते. हे भोक ठोकळ्यापेक्षा प्रत्येक बाजूने चामड्याच्या जाडीइतके मोठे हवे. उदाहरणार्थ, ठोकळा १६० मिलिमीटर लांब व ६० मिलिमीटर रुंद आणि चामडे १.५ मिलिमीटर जाड असेल, तर भोक १६३ गुणिले ६३ मिलिमीटर असावे. भोक लहान झाले तर चौकट चामड्याचा वरचा थर खरवडते, मोठे झाले तर तळाशी कोन स्पष्ट उमटत नाही.

साच्यात लोखंडी खिळे कदापि उघडे ठेवू नयेत. ओल्या सालीच्या चामड्यास लोखंड लागले की काही मिनिटांत निळसर काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. हिरडा व हिराकस एकत्र करून शाई करण्याची आपल्याकडील जुनी रीत वाचकांस माहीत असेल. टॅनिन व लोह यांच्या संयोगाने होणारा तोच काळा रंग येथे नको त्या जागी उमटतो. म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावेत आणि भिजवण्याचे भांडेही लोखंडी नसावे.

६. भिजवणे

चामडे साध्या किंवा कोमट पाण्यात बुडवावे. हातास सहज सोसवेल त्याहून पाणी गरम नसावे. बुडवल्यावर चामड्यातून हवेचे बुडबुडे निघू लागतात. ते थांबले की तंतूंमधील हवेची जागा पाण्याने घेतली असे समजावे. पातळ चामड्यास काही मिनिटे पुरतात, जाड चामड्यास अधिक वेळ लागतो. फार वेळ बुडवून ठेवल्यास टॅनिन पाण्यात उतरू लागते, पाणी तांबूस होते व चामडे निस्तेज बनते.

पाण्यातून काढलेले चामडे लगेच साच्यावर चढवण्याची घाई नवशिक्या करतो. खरे तर या क्षणी त्यात पाणी जास्त असते. ते दाबल्यावर ओघळते, पण ठसा धरत नाही. तुकडा ओलसर कापडात गुंडाळून काही तास किंवा रात्रभर ठेवला, तर ओल आतबाहेर समान होते. वरचा रंग मूळ रंगाकडे परतू लागला, पण गालास लावल्यावर चामडे अजून थंड लागते, ही योग्य वेळ होय. ही गालाची कसोटी वैज्ञानिकदृष्ट्याही समर्थनीय आहे. पृष्ठभाग कोरडा वाटत असतानाही आतील पाण्याचे बाष्पीभवन चालू असते, त्यामुळे गारवा जाणवतो.

७. घडवणे व त्यातील भूमिती

ठोकळा पाटावर ठेवून त्यावर चामडे केसांची बाजू वर करून अंथरावे. प्रथम मधला भाग, नंतर लांब बाजू, मग आखूड बाजू व शेवटी कोपरे, असा क्रम ठेवावा. तळहाताने व अंगठ्याच्या मांसल भागाने दाबावे. नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढून ठेवाव्यात, कारण या अवस्थेत पडलेली नखाची रेघ वस्तूच्या आयुष्यभर राहते. कडा व खोबणी हाडाच्या गुळगुळीत पट्टीने ठसठशीत कराव्यात. त्यानंतर चौकट वरून बसवून दाबपट्ट्यांनी आवळावी.

येथे एक प्रश्न उद्भवतो. चामडे ताणले जाते म्हणून आकार येतो, की ते आत ओढले जाते म्हणून? वरील ठोकळा २५ मिलिमीटर उंच आहे असे मानू. रुंदीच्या दिशेने चामड्यास एका बाजूने २५ मिलिमीटर वर चढायचे, ६० मिलिमीटर ओलांडायचे व दुसऱ्या बाजूने २५ मिलिमीटर उतरायचे आहे. एकूण मार्ग ११० मिलिमीटरचा झाला. दोन्ही बाजू आधीच पक्क्या आवळल्या तर मूळच्या ६० मिलिमीटरला ११० व्हावे लागेल, म्हणजे जवळजवळ दुप्पट ताण. चामडे तो सोसणार नाही, एक तर फाटेल किंवा चौकट वर उचलेल. म्हणून कडेचे चामडे आधी आत सरकू द्यावे, आकार जवळजवळ पूर्ण झाल्यावरच चौकट घट्ट करावी. तुकडाही त्या हिशेबाने कापावा. प्रत्येक कडेस २० मिलिमीटर पट्टी धरली, तर लांबी १६० अधिक ५० अधिक ४० म्हणजे २५० मिलिमीटर आणि रुंदी ६० अधिक ५० अधिक ४० म्हणजे १५० मिलिमीटर होते.

कोपऱ्यांत याच्या उलट अडचण येते. तेथे चामडे कमी पडत नाही, ते जास्त होते. कोपऱ्याची त्रिज्या १० मिलिमीटर असेल, तर भिंतीच्या तळाशी येणारे चामडे सपाट असताना कोपऱ्याच्या केंद्रापासून ३५ मिलिमीटर अंतरावर असते. तेथील पाव वर्तुळाची लांबी सुमारे ५५ मिलिमीटर भरते. घडल्यावर तिला सुमारे १६ मिलिमीटरच्या कमानीत मावायचे असते. उरलेले चामडे जाणार कोठे? त्याच्या चुण्या पडतात. त्रिज्या २५ मिलिमीटर केली, तर ७८.५ मिलिमीटरला ३९ मिलिमीटरमध्ये मावायचे असते, म्हणजे निम्म्याने आकसणे पुरते. खोलीही १२ मिलिमीटरवर आणली, तर ५८ मिलिमीटरचे ३९ होतात आणि काम पुष्कळच सोपे होते. प्रत्यक्षात चामडे थोडे ताणलेही जाते, त्यामुळे हे आकडे वरची मर्यादा दाखवतात. तथापि त्यांचा इशारा स्पष्ट आहे. कोपरे जितके मोठे व खोली जितकी कमी, तितकी घडण निर्दोष. खोल पिशवीसाठी समोरचा व मागचा भाग वेगळा घेऊन मध्ये स्वतंत्र पट्टी जोडतात, त्याचे कारण हेच आहे.

पडू लागलेली चुणी कडेच्या पट्टीत ढकलावी व हाडाच्या पट्टीने पुन्हा पुन्हा दाबून जिरवावी. चामडे या वेळी फार ओले असेल तर चुणी जिरत नाही, फार कोरडे असेल तर ती मोडते. अनुभवी हात येथे थांबतो, थोडी ओल जाऊ देतो व पुन्हा दाबतो.

८. वाळवणे

घडणीत हाताचे काम संपल्यावरही चामड्याचे काम चालूच असते. आकार कायम होतो तो वाळताना, म्हणून या पायरीत घाई करणे म्हणजे आधीचे सर्व श्रम वाया घालवणे होय. सावलीत, खेळत्या हवेत, साच्यासकट सुमारे एक दिवस ठेवावे. जाड चामड्यास दोन दिवसही लागतात. प्रखर ऊन किंवा शेगडीजवळची उष्णता वरचा थर आधी वाळवते. तो आकसतो, आत ओल राहते आणि पृष्ठभाग तडकतो. थोडी अधिक ताठरता हवी असल्यास चामडे बरेचसे सुकल्यावर ४० ते ५० अंश सेल्सिअसची कोरडी हवा देता येते. आक्रसण्याच्या तापमानाजवळ मात्र ओले चामडे कधीही नेऊ नये.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात वेगळीच अडचण येते. हवाच दमट असल्याने वाळणे लांबते व साच्याखालील ओल्या भागास बुरशी धरते. अशा वेळी आकार पक्का होताच चौकट काढून पंख्याखाली ठेवावे. आतून हवा लागण्यासाठी ठोकळ्यास तळातून भोके पाडून ठेवण्याची युक्तीही उपयोगी पडते.

९. कापणी, शिवण व निगा

वाळताना चामडे किंचित आकसते. म्हणून अंतिम माप, कडेची कापणी व शिवणीची भोके ही सर्व कामे वाळल्यानंतरच करावीत. कड रापीने कापावी, जोडाच्या जागी आतील बाजू तासून पातळ करावी, आरीने समान अंतरावर भोके पाडावीत आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्ही टोकांस सुई घेऊन शिवावे. या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, त्यामुळे एक टाका तुटला तरी संपूर्ण शिवण उसवत नाही.

तेलाचा हात शेवटी व हलकाच द्यावा. तेल तंतूंमध्ये जाऊन त्यांना सरकते करते. ते जास्त झाले की घडलेला आकार ढिला पडतो. मधमाश्यांच्या मेणाचा पातळ थर पाण्यापासून काही अंशी संरक्षण देतो. येथे वापरणाऱ्यास एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. जे चामडे पाण्याने घडले ते पाण्याने बिघडूही शकते. पावसात चिंब भिजलेले घर रिकामे वाळू दिले तर ते वेडेवाकडे होते. तीच वस्तू किंवा तोच ठोकळा आत घालून सावलीत वाळवले तर ते बहुधा पुन्हा सावरते.

१०. अध्यापनाच्या दृष्टीने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाविद्यालयांत कौशल्याधारित अभ्यासक्रमांवर भर देण्यात येत आहे. अशा अभ्यासक्रमांत हस्तकला बहुधा विरंगुळा म्हणून येते. ओल्या चामड्याची घडण मात्र एकाच टेबलावर अनेक विषय आणते. हायड्रोजन बंध व समन्वयी बंध यांतील फरक येथे डोळ्यांनी दिसतो. सपाट पृष्ठ व वक्र पृष्ठ यांचे नाते हाताने कळते. हिराकसाचा डाग लोह-टॅनिन संयुगाचा पाठ देतो. इतिहास व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास तर याहून मोठा प्रश्न सामोरा येतो.

तो प्रश्न असा की, हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जपले त्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेवले. कातडे कमावणारे ढोर आणि वस्तू घडवणारे चर्मकार यांच्या हातातील विद्या अशुद्ध मानली गेली व म्हणून ती ग्रंथांत फारशी आलीच नाही. १९७४ मध्ये महाराष्ट्रात चर्मोद्योग व चर्मकार विकासासाठी शासकीय महामंडळ स्थापन झाले. पुढे कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. हे स्वागतार्ह आहे. परंतु कोणत्या सालीने कमावलेले चामडे कोणत्या कामास चालते, हे ज्ञान प्रमाणपत्राने जपले जात नाही. ते हातांत असते आणि हात थांबले की जाते. कारागिरांची नवी पिढी या व्यवसायापासून दूर जाते, त्यामागे उत्पन्नाइतकाच मानाचाही प्रश्न आहे. त्यांनी हा व्यवसाय केलाच पाहिजे असे म्हणण्याचा अधिकार इतरांस नाही. मात्र ती विद्या जातीच्या चौकटीतून सोडवून सर्वांच्या अभ्यासाचा विषय करणे, आणि तिच्या जाणकारांस मानधनासह अध्यापकाचे स्थान देणे, हे महाविद्यालयांच्या हाती आहे.

११. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ओल्या चामड्याची घडण तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, पाण्याने सैल होणारे व वाळताना पुन्हा जुळणारे बंध असलेले, म्हणजे वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे. दुसरी, चामड्याच्या जाडीचा व ताणाचा हिशेब ठेवून केलेला साचा. आणि तिसरी, ओलीची योग्य अवस्था ओळखण्याची व वाळण्यास पुरेसा अवधी देण्याची तयारी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पुस्तकातून शिकता येतात. तिसरीसाठी जाणत्या माणसाशेजारी बसावे लागते.

आमच्या महाविद्यालयातील पुढील कार्यशाळेत चामडे आणण्याचे काम काकांकडेच सोपवले होते. त्या वेळी ठोकळ्यांवरून निघालेली घरे ओबडधोबड होती, काहींच्या कोपऱ्यांत चुण्या होत्या, एकावर खिळ्याचा काळा डागही होता. पण आकार सर्वांनी धरला होता. त्या दिवशी वर्ग काकांनी घेतला आणि प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांच्या रांगेत बसला होता.